तोनकाने सांधलेली तीन भोकं

तोनका माझी शेजारीण. जाळी सांधण्यात फियुमेच्या अख्ख्या किनाऱ्यावर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वस्थ बसणं मात्र बाईला ठाऊकच नाही. फाटकं जाळं तसंच टाकून जेवायला बसायचं नाही, ही आम्हा कोळणींची रीत. तोनकाने ती अंगात भिनवून घेतलेली.

तिचा धाकटा भाऊ झ्वाने टॉर्पेडोच्या कारखान्यात होता. टॉर्पेडो पाण्याखालून धावे, पण एका खोलीवर टिकत नसे. पाण्याचा दाब ओळखणारी तबकडी त्यात होतीच. झ्वानेने तिला एक लोंबतं वजन जोडलं. नाक खाली गेलं की वजन पुढे झुकणार आणि शेपटीचं पातं आपोआप वळून नाक सरळ करणार. माणसाचा हात लागायलाच नको. "यंदा जमलं नाही तर घरी बसायचं," कारखान्याच्या कारभाऱ्याने त्याला बजावलं होतं.

चाचणीला समुद्रात ओळीने तीन जाळी सोडली. टॉर्पेडो ती फाडत जाणार आणि भोकांवरून खोली कळणार. तो तिन्ही जाळी फाडत गेला. जाळी ओढून धक्क्यावर पसरली, चाचणी बघायला आलेले आरमाराचे साहेब जेवायला गेले आणि झ्वाने होडी घेऊन टॉर्पेडो आणायला. जाळ्यांपाशी उरली ती जाळी ओढायला आलेली तोनका.

साहेब परतले. "भोकं कुठं आहेत?"

"सांधली की," तोनका म्हणाली. "तुमचं जेवण होईस्तोवर तिन्ही झाली."

"कुठं होती ते तरी दाखव."

ती शोधत राहिली. मेलीचं काम इतकं सफाईदार, की तिचा सांधा तिलाच सापडेना.

चाचणी पुन्हा झाली. या खेपेला टॉर्पेडो तिसऱ्या जाळ्याआधीच चिखलात घुसला. झ्वानेची नोकरी गेली.

घरी तो येरझाऱ्या घालत होता. "ताई, खरं सांग. पहिल्या वेळची भोकं एका खोलीवर होती ना?"

"एका रेषेत होती रे."

एवढ्या भरवशावर पोरगा त्रिएस्तला गेला. तिथे कारखान्यांचे उंबरे झिजवतो आणि भेटेल त्याला सांगतो, माझ्या बहिणीने डोळ्यांनी पाहिलंय.

परवा विहिरीवर तोनकाने माझा दंड धरला.

"अगं, मी बघितलंच नव्हतं," ती म्हणाली. "भोक दिसलं की माझी सुई चालायला लागते. वर होतं का खाली, कुणाला ठाऊक?"