दारं नसलेलं गाव

गाव सोडलं त्या दिवशी बाबांनी सगळ्यात शेवटी दार काढलं. कवेलू आणि वासे आधीच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढले होते, पण सागवानी चौकट भिंतीतून सुटेपर्यंत दुपार झाली. आई हातात कुलूप घेऊन उभी होती. "आता हे कायले लावू?" तिनं विचारलं. बाबांनी चौकट ट्रॉलीत चढवली. तुम्ही गावातले सगळेही त्या आठवड्यात तेच करत होता, त्यामुळे तुम्हाला आठवत असेल. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढत आलं तेव्हा आपल्या गल्लीत एकाही घराला दार नव्हतं. चांगलं लाकूड पाण्यासाठी कोण सोडून येतं?

पुनर्वसनाच्या नव्या घराला ती चौकट बसलीच नाही. तिथं लोखंडी दार आलं. चौकट मागच्या भिंतीला टेकून ठेवली, ती आजही तिथंच आहे, आणि बाबा दर उन्हाळ्यात तिला तेल लावतात.

मी पुढे हैदराबादला आले. इथल्या एका अॅनिमेशन स्टुडिओत मी बॅकग्राउंड रंगवते. परदेशी मालिका असतात, तलवारी, जादूगार, उडणारे राक्षस. कार्टून म्हणून हसू नका, एकेका किल्ल्यावर आमचा आठवडा जातो. मी प्रत्यक्ष पाहिलेला किल्ला एकच, शाळेच्या सहलीतला आंबागड. पहिल्या वेळी तसाच काढला, तर आमच्या टीमचे लीड म्हणाले, "ये तो टीला है." त्यांना ते टेकाड वाटलं, तेव्हापासून टोकदार मनोरेच काढत आले. आपल्याकडचं एखादं मोहाचं झाड कोपऱ्यात लावावं तर लगेच रिटेक येतो, पुन्हा काढा म्हणून. त्याचा राग येऊन येऊन आता मला त्या मनोऱ्यांकडे बघवत नाही.

मागच्या मालिकेत मात्र एक जादूगार चिडून नदी गावावर सोडतो, आणि तलवार शोधायला नायिका त्या बुडालेल्या गावात उतरते. पाण्याखालचं गाव कोण करणार, असं लीडनी विचारल्यावर मी हात वर केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी काम मागून घेतलं होतं. उघड्या भिंती काढल्या, वासे उपटल्याची भोकं काढली, ओसरीत गाडलेलं उखळ काढलं, जे कोणालाच नेता आलं नव्हतं. दारं अर्थातच नव्हती. मग बाबांना फोन केला, "आपलं गाव काढलं बाबा, टीव्हीवर येईल." त्यांनी सगळ्या वस्तीला सांगून टाकलं.

लीडनी चित्र परत पाठवलं. "इमोशन नहीं आ रहा. दरवाज़े डालो, थाली में खाना, एक गुड़िया." मी समजावलं की लोक दारं काढून नेतात. ते अगदी प्रेमानं म्हणाले, "तुम्हारे यहाँ होता होगा." तीन रिटेक झाले. शेवटी मी दारं लावली, अर्धवट उघडी, पाण्यात हलणारी. बाहुलीही टाकली. क्लायंटचा कौतुकाचा मेल आला, तो मी वाचलाही नाही. बाबांना दारांचं सांगायचं होतं, तेही टाळत राहिले.

तो भाग लागला तेव्हा बाबांनी शेजारपाजाऱ्यांना बोलावून पाहिला आणि लगेच फोन केला.

"बाई, हे आपलं गाव नोहोय. आपल्या घरायले दारं कुठी होती?" मग त्यांनी विचारलं, "त्या लोकायले कोनं सांगतलं नोयतं का वं, पाणी येऊन राहिलं म्हून?"

आपल्याला तर वर्षानुवर्षं नोटिसा येत होत्या.

"नाही बाबा," मी म्हणाले, "कोनं नोयतं सांगतलं."

"मंग बरोबर हाये," ते म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

एक गोष्ट त्यांना सांगायची राहून गेली. दारं मी वेगळ्या लेयरवर, चित्रावरच्या एका सुट्या थरावर रंगवली होती. तो लेयर बंद केला की खाली आपलं गाव जसंच्या तसं आहे, आपलं घर डावीकडून तिसरं. घर कुठं, असं कोणी विचारलं की मला तेच डोळ्यांपुढे येतं. ती फाइल स्टुडिओच्या बाहेर नेता येत नाही. चौकट तेवढी आपल्याकडे आहे.