नितीनने शेडमधलं नेट वेगळं केलं

नितीन गेला त्या दिवशी आमच्या शेडमधलं नेट एकदाही बंद पडलं नाही. मला त्याचाच राग आला.

नितीन माझा धाकटा दीर. आज वर्ष झालं. झोपेतच गेला.

मी मानपाड्याला एम्ब्रॉयडरीच्या शेडमध्ये सुपरवायझर. वर पत्रा, मोबाइलला रेंज नाही. घरी बोलायचं ते वायफायवरच.
माझे मिस्टर अर्धांगाने अंथरुणात. दुपारी व्हिडिओ कॉल लावून बघते, बरे आहेत ना.

नितीन होता तेव्हाची गोष्ट. मशीनवर नेटवरून डिझाइन यायला उशीर व्हायला लागला. मध्येच अडकायचं.
शेठ म्हणाले, "तुम्हा बायकांच्या फोनमुळे. वायफाय बंद करतो."

मी नितीनला बोलावलं. त्याचं कामच नेट जोडायचं.

"वहिनी, मशीन, कॅमेरे, फोन सगळे नेटच्या एकाच खोलीत कोंबलेत. एकाने हाक मारली की सगळे मान वर करतात. काम कधी करणार?"
"मग भिंत घालणार?"
"घालतो की. नंबरांची."
"मला कळेल असं बोल. तुझ्या भावाला कॉल लागेल का?"
"लागेल गं. फक्त फोनचा नळ बारीक ठेवतो. सिनेमे बघायचे नाहीत."

त्याने नेटचे तीन भाग केले, मशीनचा, कॅमेऱ्यांचा, फोनचा. डिझाइन झटक्यात यायला लागलं. शेठनी वायफाय चालू ठेवलं.

मग खंडेनवमी आली. आम्ही शहाण्यांनी नेटच्या डब्यातल्या सगळ्या वायरी उपटल्या, डबा पुसला, हळदकुंकू वाहिलं, हार घातला.
आणि दिसेल त्या भोकात वायरी परत खुपसल्या.
कॅमेरे काळे. मशीन ठप्प.

नितीनने हार बघून कपाळाला हात लावला.
"पूजा बाहेरून करतात, वहिनी. देवाचं पोट कोण फाडतं?"
हसत हसत सगळं परत लावलं. आमच्याच रिळांचे रंगीत धागे वायरींना बांधले. मशीनला लाल, कॅमेऱ्यांना हिरवा, आमच्या वायफायला पिवळा.

तो गेल्यावर नेटचा नवीन माणूस आला. म्हणे, "कशाला एवढी भानगड? सगळं एकत्र करून टाकतो."
मी डब्यासमोर उभी राहिले. "हात लावून दाखव."
शेठनीच त्याला परत पाठवला.

आज सुट्टी मिळाली नाही. दुपारी घरी कॉल लावला.
ह्यांना धड बोलता येत नाही. "नि... नि..." एवढंच म्हणत होते. डोळ्यांतून पाणी.
मी फोन समोर धरून ठेवला, कॉल तुटला नाही.

जा बाबा नितीन, सुखाने जा.
तुझ्या भावाला मी बघते.