स्वीडिश गाण्यातला खलाशी

ओमानमधल्या सोहारच्या कारखान्यात आमचा साहेब स्वीडिश होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने मोबाईलवर आपल्या देशातलं जुनं गाणं लावलं. चाल संथ, लाटेवर झुलणारी. "खलाशी दर कडव्यात आईला सांगतो, पुढच्या उन्हाळ्यात नक्की येतो," त्याने इंग्रजीत अर्थ सांगितला आणि डोळे पुसले.

माझं डोकंच फिरलं. माझी आई रत्नागिरीत अंथरुणाला खिळली होती आणि याच माणसाने माझी रजा दोनदा नाकारली होती.

"खलाशासाठी रडता, साहेब, आणि माझ्या आईचं काय?" मी ओरडलो.

संध्याकाळी त्याने अर्ज सही करून दिला. मी आभार मानले नाहीत.

घरी पोचलो तेव्हा आईने मला ओळखलं नाही. पहिल्या अर्जाच्या वेळी आलो असतो तर ओळखलं असतं. हा राग अजून जात नाही.