अच्युतरावांचा ठिपका

पुरानी बस्तीतल्या अच्युतरावांना नजूलच्या, म्हणजे सरकारी जमिनींच्या, कचेरीतून मोजणीदार म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी लग्नाला गेले की आधी पावलांनी मांडव मोजायचे आणि मगच आहेराचं पाकीट काढायचे. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, कुणाच्या ओट्याने गल्ली किती बोटं खाल्ली आहे, हे त्यांना तोंडपाठ. त्यामुळे कुणी त्यांच्याशी भांडत नसे, आणि फारसं बोलतही नसे. राधाबाई होत्या तोवर घरात तरी बोलणं व्हायचं. त्या चार वर्षांपूर्वी गेल्या. उरली एकुलती यामिनी, ती गेली मेक्सिकोला.

तिकडच्या राजधानीत, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत. जाण्याआधी बापाने एकच अट घातली. मोबाईलचं लोकेशन चोवीस तास चालू पाहिजे. झालं! तीन महिने अच्युतरावांच्या फोनमध्ये एक निळा ठिपका होता, आणि तेवढाच त्यांचा संसार. खोलीपासून ऑफिस एकवीसशे मीटर. मधे दोन चौक, एक बाग, एक औषधांचं दुकान. इकडे सकाळचा चहा व्हायचा तेव्हा तिकडे आदली संध्याकाळ असे आणि ठिपका खोलीवर परतत असे. परतला की अच्युतराव गच्चीवरून जाहीर करायचे, “आली!”

“जेवला का ठिपका?” शेजारच्या मीनलवहिनी कपडे वाळत घालता घालता विचारायच्या. “का उपास आहे आज त्याचा?”

अच्युतराव रागवायचे नाहीत. कुणीतरी विचारलं, एवढंच त्यांना पुरे होतं.

तिकडे ठिपक्याचं मात्र काही बरं चाललं नव्हतं. मागच्या रविवारी यामिनी म्हणाली होती, “बाबा, खिड़की खोलती हूँ तो सामने दीवार है. तीन महीने से वही दीवार. पागल हो जाऊँगी मैं.” पोरीला मराठी सगळं कळे, पण हिंदी मुलखात वाढलेली, उत्तर यायचं हिंदीत.

“मग खिडकी नको उघडू,” अच्युतराव म्हणाले. “अन् अंधार पडल्यावर बाहेर पाय ठेवायचा नाही. मोठं शहर आहे ते.”

त्या शनिवारी आपल्याकडे सकाळचे सव्वाआठ वाजले होते, तिकडे शुक्रवारची रात्र, पावणेनऊ. खोलीवर बसलेला ठिपका उठला आणि चालू लागला.

अच्युतरावांनी कप खाली ठेवला आणि फोन लावला.

“कुठं चालली?”

“घूमने.”

“कोणासंग?”

“अकेली. बाबा, आज मत रोको ना. प्लीज.”

“काहून? रात्र झाली ना तिथं! मागं फीर. यामिनी, मी सांगून राहिलो तुले—”

फोन बंद झाला. पोरीने बापाचा फोन मधेच कापावा, हे पहिल्यांदाच घडत होतं.

ठिपका कोपऱ्यावर थांबला, मग एकदम पळायला लागला. गाडीत बसली असणार. शहराच्या मधोमध एका भल्यामोठ्या चौकापाशी तो क्षणभर टेकला. तिथे दिवे असतील, माणसं असतील, असं म्हणून अच्युतरावांचा जीव थोडा भांड्यात पडतो न पडतो, तोच ठिपका तिथून निघाला तो थेट उत्तरेला. दहा किलोमीटर. पंधरा. अठरा. बागा संपल्या, चौक संपले. शेवटी तो थांबला तिथला वरून काढलेला फोटो त्यांनी दोन बोटांनी मोठा केला. लांबच लांब पत्र्याची छपरं, आणि ट्रकच ट्रक, एकाला एक लागून.

“अरे देवा, हे तर भनपुरी!”

गावाबाहेरची आपली भनपुरी, कारखान्यांची अन् ट्रकांची, त्यांनी इंच न् इंच मोजलेली. रात्री त्या ट्रकांच्या रांगांमधून एकटी पोर चालते आहे, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. फोन लावला, वाजून बंद झाला. पुन्हा लावला. असे एकतीस वेळा.

साडेनऊला ते बनियनवरच मीनलवहिनींच्या दारात. “वहिनी, पोट्टी गेली! उचलून नेली कोणीतरी!”

वहिनींच्या जिभेवर आलेली थट्टा जिभेवरच राहिली. मागोमाग समोरचे गंगाधर आले. यांना कुठल्याही देशाबद्दल काहीतरी भयंकर ठाऊक असतंच. “मेक्सिको म्हणजे तर भैया, तिथं—”

“गंगाधरभाऊ, तोंडाले कुलूप लावा,” वहिनी म्हणाल्या. “अन् वकिलातीचा नंबर पाहा.”

नंबर सापडला, लागलाही. पलीकडच्या सभ्य माणसाने पासपोर्टचा क्रमांक विचारला. अच्युतरावांनी कपाट उपसलं. राधाबाईंच्या साड्या, जुने नकाशे, विजेची बिलं सगळं जमिनीवर आलं आणि शेवटी झेरॉक्स सापडली. क्रमांक सांगताना त्यांना स्वतःचंच नाव आठवेना. देवी महामायेला त्यांनी काय काय कबूल केलं ते इथे सांगत नाही. फेडायला दोन जन्म लागतील.

बत्तिसाव्या वेळी फोन उचलला गेला. आवाज पुरुषाचा.

“माझी पोरगी कुठंय?” अच्युतराव ओरडले. मग हिंदीत ओरडले. मग इंग्रजीत, “माय डॉटर! गिव्ह! मनी? हाऊ मच मनी?”

तो माणूस बिचारा घाबरून आपल्या भाषेत भराभरा बोलू लागला. त्यातला एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता, “टॅक्सी, टॅक्सी.”

“भाऊजी,” मीनलवहिनी हळूच म्हणाल्या, “हा टॅक्सीवाला आहे. पोट्टी चौकात उतरली, फोन राहिला गाडीत. हा आपल्या घरी गेला. तुम्ही टॅक्सीच्या मागं धावून राहिले.”

गंगाधर हसले. “सुटलो म्हणजे!”

अच्युतराव मात्र खाली बसले. आतापर्यंत पोर भनपुरीत का होईना, कुठेतरी होती. आता दोन कोटी माणसांच्या गावात ती कुठेच नव्हती. खिशात फोन नाही, रस्ता विचारायला भाषा नाही. ज्याला तीन महिने रोज बघितलं, तो पोरीचा नुसता मोबाईल होता.

दहा वाजले. अकरा वाजले. वहिनींनी पोहे आणून ठेवले, ते वाळले. अच्युतराव फक्त एवढंच म्हणत होते, “मीच म्हटलं होतं, खिडकी नको उघडू. मीच म्हटलं होतं.”

बारा वाजून वीस मिनिटांनी अनोळखी नंबरावरून फोन आला.

“बाबा, मैं. घरमालकिन का फोन है. आप ठीक हो?”

ती हसत हसत भडाभडा बोलत होती. फोन हरवल्यावर आधी रडली. मग एका बाईने भाजलेलं कणीस हातात दिलं, वर लिंबू-तिखट, थेट आपल्या गावातल्या तेलीबांध्याच्या तळ्यावरचं वाटावं असं. चौकात म्हातारी जोडपी नाचत होती, तिलाही कुणी हात धरून ओढलं. मग विचारत विचारत, चुकत चुकत मेट्रोने परत आली. तीन महिन्यांत पोर इतकं हसली नव्हती.

“बरं, बरं,” अच्युतरावांनी डोळे पुसले. “तुझा फोन त्या टॅक्सीवाल्यापाशी आहे, उद्या घेऊन ये. अन् पहिले लोकेशन पाहून घे, चालू आहे का.”

पलीकडून ती बोलली, आणि चक्क मराठीत बोलली. “बाबा, फोन आणीन. रोज करीन तुम्हाले. पण लोकेशन आता नाही लावणार मी.”

“यामिनी, असं नको करू. मी काही बोलणार नाही, शप्पथ. रात्री जा, कुठंही जा. मले फक्त दिसू दे.”

“नाही, बाबा.”

“माझ्यापाशी काय राहते मग?”

“मी आहे ना,” ती म्हणाली. घरमालकिणीला झोपायचं होतं. फोन ठेवावा लागला.

गंगाधर पेढे आणायला गेले. अच्युतरावांनी पुन्हा नकाशा उघडला. ठिपका टॅक्सीवाल्याच्या घरी होता, ट्रकांच्या रांगेपलीकडे, एका लहानशा अंगणात. त्यांनी ते मोठं करून बघितलं.

“पोट्टी नाही आहे हो तिथं,” मीनलवहिनी म्हणाल्या.

“माहीत आहे मले.”

ते बघत राहिले. दोनच्या सुमारास ठिपका करडा पडला. तिकडच्या फोनची बॅटरी संपली असावी. अच्युतरावांनी स्क्रीन बनियनला पुसली, पुन्हा पाहिलं आणि मान वर केली.

“वहिनी, इथून नाही ना येत तो फोन चार्ज करता?”

“नाही भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “चला, दोन घास खाऊन घ्या.”