सॉरी या शब्दाचं मूळ

बारामतीत हल्ली कुणीही कुणालाही सॉरी म्हणतं. मोटारसायकलवाला माझ्या चपलेवरून चाक नेतो आणि मागं न बघता सॉरी म्हणतो. वर्गात वीस मिनिटं उशिरा आलेला पोरगा बाकावर बसता बसता म्हणतो. कचेरीतला कारकून तर मी तोंड उघडायच्या आधीच म्हणून मोकळा होतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. तीस वर्षं इंग्रजी शिकवतोय, त्यामुळे या लोकांचा मला नुसता राग येत नाही, किळस येते.

कारण हा शब्द मुळात दुखण्याचा आहे. जखम, ठणका अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून तो आला. ज्याच्या आत ठणकतंय, त्यानंच तो उच्चारावा. दुःखाला इंग्रजीत जो सॉरो शब्द आहे, त्याच्याशी याचं मुळात नातं नाही. उच्चार जवळचे, म्हणून लोकांनी ते जोडलं. आमचे एक सहकारी हे नातं वर्गात छातीठोकपणे शिकवायचे. मी त्यांना चारचौघांत उघडं पाडलं होतं आणि मला त्यात मजा आली होती.

आमच्या गावी, कळसला, माझ्या लहानपणी हा शब्द कुणाला माहीत नव्हता. एकदा आमच्या मेंढ्या शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरल्या. वडील सकाळीच त्याच्या दारात गेले, मुंडासं काढून हातात धरलं आणि 'चुकलं माझं' म्हणाले. शेजारी बोलेना. वडील उन्हात उभेच राहिले. दुपारी घरातून पाण्याचा तांब्या बाहेर आला, तेव्हा ते पाणी पिऊन परतले. मला त्या दिवशी वडिलांची लाज वाटली होती.

मागच्या वर्षी डाळजला माझ्या भाचीचं लग्न होतं. मंगलाष्टकांना नवरीच्या मागं मामा उभा राहतो, आणि तिला मामा मी एकटाच. नेमकं त्याच सकाळी बारामतीत इंग्रजी शब्दांच्या मुळांवर माझं व्याख्यान ठरलं. नाही म्हणता आलं असतं. पण शाल, नारळ, समोर माणसं. मोह आवरला नाही. दुपारच्या मुहूर्ताला पोचतो, असं बहिणीला, आक्काला सांगितलं. प्रमुख पाहुणे उशिरा आले, माझी पाळी लांबली. मग व्यासपीठावर बसल्या बसल्या मी आक्काच्या मोबाइलवर तो एक शब्द टाकला आणि बोलायला उठलो. त्या मोटारसायकलवाल्यानं निदान चप्पलच चिरडली होती.

भाचीच्या मागं ऐनवेळी शेजारच्या आबांना उभं केलं, असं नंतर कळलं. बहिणीचा फोन आला नाही. येईल येईल म्हणत मी सहा महिने काढले आणि शेवटी डाळजला गेलो. आक्का ओट्यावर लसूण सोलत होती. मी पाहुणे, उशीर, व्याख्यान सगळं सांगत बसलो. तिनं मला पुरतं बोलू दिलं.

"तुजा मेसेज आला तवा पोरगी मुंडावळ्या बांधून बसली हुती," ती म्हणाली. "मला कुठं इंग्रजी वाचाया येतंय? तिच्याच म्होरं मोबाइल धरला. म्हनलं, बघ गं, मामानं काय लिवलंय."

"मग?"

"तिनं वाचलं. म्हनली, आई, मामा येत न्हाय."