साडूंचे हात

माझ्या साडूंइतका स्वच्छ माणूस साऱ्या बहरीनमध्ये नसेल, आणि आपल्या स्वच्छतेने इतरांना इतका दमवणाराही. ते एका नेमबाजी क्लबच्या कार्यशाळेत पिस्तुलाची काडतुसे पुन्हा भरतात. हे काम थोडे समजावून सांगायला हवे. गोळी उडाली की पितळेची पुंगळी मागे उरते. ती साफ करून तिच्यात पुन्हा दारू आणि नवी गोळी बसवली की सरावाचे काडतूस तयार होते. गोळी शिशाची असते. पण पिस्तुलाच्या नळीत शिसे साचू नये म्हणून तिच्यावर रंगीत लेप भाजलेला असतो. साडूंच्या गोळ्या हिरव्या. पुंगळीचे तोंड किंचित फाकवले नाही, तर गोळी आत जाताना हा लेप सोलला जातो, आणि सोललेली गोळी साडूंना पोराच्या सोललेल्या गुडघ्यासारखी दिसते. एकदा मेजावर नखाएवढे हिरवे साल सापडले, तेव्हा त्यांनी सकाळपासून भरलेली सगळी काडतुसे पुन्हा उकलली. क्लबचे बहरीनी व्यवस्थापक दारातून म्हणाले, "यल्ला, खलास?" साडूंनी मान वर न करता उत्तर दिले, "इंशाल्ला. लेकिन जल्दी मफी." म्हणजे घाई जमणार नाही.

हूरा वस्तीतल्या त्यांच्या घरीही हीच शिस्त. कामाच्या चपला दाराबाहेर, कामाचे कपडे वेगळ्या बादलीत, आणि आंघोळ झाल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. दिवसभर वर्ग घेऊन दमलेला मी चहाच्या आशेने जातो आणि न्हाणीघरातून आवाज येतो, "मास्तर, बसा! अजून एकदा साबण लावायचा राहिलाय."

अशा घरी वसईहून त्यांची मुलगी थोड्या दिवसांच्या व्हिजावर आली. कडेवर पहिली नात. साडू सोफ्यामागे जाऊन उभे राहिले.

"पप्पा, घ्या ना हिला. कोटिंग असतं, हाताला शिसं लागत नाही, हे तुम्हीच सगळ्यांना सांगता."

"कोटिंग गोळीला असतं गं. वापरलेल्या पुंगळीतल्या धुळीला कोण करणार? तिच्यातही शिसं असतं, आणि तान्ह्या बाळाला ते विषच. रजा मागितलीय. रजा मिळाली, दिवसभर हात त्या धुळीत गेले नाहीत, की घेतो."

"मला पुन्हा कधी यायला जमेल, माहीत नाही. काका, तुम्ही तरी सांगा!"

मी सांगितले. रोज सांगितले. सांगून सांगून थकलो. क्लबमध्ये स्पर्धा जवळ आलेली, त्यामुळे रजा मिळेना. आणि साडू सोफ्यामागून शिट्ट्या वाजवत, तोंडे वेडीवाकडी करत, हात पाठीमागे बांधून नातीला हसवत राहिले.

रजा मिळाली ती थेट मुलीच्या परतीच्या दिवशी. साडूंनी नखे कापली, मनसोक्त आंघोळ केली आणि नवा सदरा घालून ते खुर्चीत ताठ बसले. मुलीने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवले. इतके दिवस सोफ्यापलीकडे असणारा माणूस इतक्या जवळ पाहून बाळाने असा टाहो फोडला की शेजारीण दारात आली.

"तिचं बरोबर आहे," बाळ परत देत साडू म्हणाले. "आमची ओळख लांबूनचीच."

कोणी हसले नाही. विमानतळाकडे निघालो तेव्हा गाडी मी चालवत होतो आणि बापलेक मागच्या आसनावर होते. मुलीने बाळ आपल्याच मांडीवर निजवले आणि त्याचे एक पाऊल अलगद पप्पांच्या तळहातावर ठेवले. बाळाने दोनदा लाथ मारली, मग पाऊल तिथेच राहू दिले. साडूंनी बोटेसुद्धा मिटली नाहीत.

विमानतळाआधीच्या मुहर्रकच्या पुलावर मागचे लोक हॉर्न वाजवत होते. मी गाडी आणखी सावकाश केली.