नामंजूर अर्ज

लक्ष्मीबाई नगरच्या माझ्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्हा बापलेकीत एकच कॉम्प्युटर होता. रिटायर झालेले बाबा त्यात काहीबाही टाकून ठेवायचे आणि माझं ऑफिसचं काम बोंबलायचं. वैतागून मी पासवर्ड लावला. आता मला विचारल्याशिवाय काही इन्स्टॉल होणार नव्हतं.

जन्मभर सरकारी नोकरी केलेल्या बाबांनी मग मला रीतसर अर्ज दिला: ‘मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर टाकण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.’ मी हसत लाल पेनानं ‘नामंजूर’ लिहिलं. मोठी साहेब लागून गेले होते ना मी!

बाबा गेल्यावर त्यांच्या फायलीत तो अर्ज सापडला. त्यामागे दुसराही होता: ‘दिवंगत पत्नीविषयी लिहावयाचे आहे. पुनर्विचार व्हावा, ही विनंती.’ खाली सही होती. माझ्यासमोर ठेवायचा धीर मात्र त्यांना झाला नव्हता.